शुक्रवारचे अकरा चिमटे

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. नको, मिटू नका, मग वाचणार कसं? एक डोळा उघडा ठेवा आणि दुसऱ्याने माझ्याबरोबर एक दोरी बघा.

दोरी आहे कपडे वाळत घालायची, पण तिच्यावर कपडा एकही नाही. ती अंगणातही नाही. एका गॅरेजमध्ये, ह्या भिंतीच्या खिळ्यापासून त्या भिंतीच्या खिळ्यापर्यंत ती बांधली आहे. मध्ये मध्ये लाल चिंध्या बांधून तिचे सहा भाग पाडले आहेत. पहिला सोमवार, शेवटचा शनिवार. रविवारला भाग नाही, कारण रविवारी मावशी कुणाचं ऐकत नाही. आणि दोरीवर आहेत नुसते लाकडी चिमटे. मोजा हवं तर, चोवीस भरतील.

एक चिमटा म्हणजे एक घर. मावशीचा धंदा लोकांच्या दारापुढची हिरवळ कापायचा. प्रत्येक घर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. वही तिला मानवत नसे. "वहीत आठवडा मिटून ठेवावा लागतो," ती म्हणायची, "दोरीवर तो सगळा एकदम दिसतो." चिमट्यांवर नावंही नव्हती, चित्रं होती. दात काढलेला चिमटा दातांच्या डॉक्टरांचा. खडू काढलेला त्यांच्या शेजारच्या हेडसरांचा. उघडं तोंड गाण्याच्या बाईंचं आणि पाव बेकरीवाल्याचा. एखाद्या घराचं गवत कापून झालं की मावशी त्याचा चिमटा दोरीवर जागच्या जागी उलटा करायची आणि रविवारी सगळे पुन्हा सुलटे करायची.

गवत कापायच्या मशीनचं नाव म्हैस. हिरवं खायची, हंबरायची आणि मनात नसलं की जागची हलायची नाही.

आता दोरीकडे नीट बघा. सोमवारी तीन चिमटे, मंगळवारी तीन, बुधवारी तीन. गुरुवारी दोन, शनिवारी दोन. आणि शुक्रवारी? अकरा! शुक्रवारपाशी दोरीला चांगला झोळ आला होता. मावशी आणि म्हैस मिळून दिवसाला सहा घरं करायच्या, त्याहून जास्त झाली की दोघींना धाप लागायची. पण जो तो म्हणे, शुक्रवारच हवा. मावशी शुक्रवारी उजाडता बाहेर पडायची ती दिवेलागणीला परत यायची, तेव्हा तिच्या भुवयांतसुद्धा गवत असायचं.

ह्या झोळाचा सगळ्यात जास्त राग होता भिंगरीला.

भिंगरी म्हणजे मावशीची भाची, वय वर्षं दहा. तिची आई दवाखान्यात नर्स होती, म्हणून शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी भिंगरी मावशीकडे असायची. ती एका जागी बसली तर तिला ताप आलाय असं खुशाल समजावं. शुक्रवारी साडेचार वाजता तिचा पोहायचा वर्ग होता आणि तलावावरच्या उंच फळीवरून तिला उडी मारायची होती. बुटक्या फळीवरून तिने एकदा मारली होती आणि नंतर तासभर ती शिंकत होती, पण ते असो. उंच फळीच्या वेळी खाली उभी राहीन, असं मावशीने कबूल केलं होतं. त्यासाठी तिने एक जादा चिमटा निळा रंगवून शुक्रवारच्या अगदी शेवटी लावलासुद्धा होता.

अकरा चिमट्यांनंतरचा बारावा. तीन शुक्रवार झाले, त्याच्यापर्यंत कधी पाळीच आली नव्हती.

"मारलीस उडी?" तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी दारातूनच मावशीने विचारलं.

"नाही."

"वर चढलीस तरी?"

"चढले. पार टोकापर्यंत गेले. खाली बघितलं, तर तू नव्हतीस. मग शिडीनंच खाली आले," भिंगरी नाक चोळत म्हणाली. "शिडीवर माझ्यामागे सात जण होते. त्यांनाही माझ्यामुळे उलटं उतरावं लागलं. एक जण तर रडला."

मावशी मटकन पेट्रोलच्या डब्यावर बसली. "पुढच्या शुक्रवारी नक्की येते."

"पुढचा शुक्रवार शेवटचा आहे. मग चार महिने तलाव बंद. फरशा बदलणार आहेत."

मावशीने झोळाकडे बघितलं. "अकरा घरं आहेत गं. कुणाला हलवू?"

"मी हलवू?"

"गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय चिमट्याला हात लावायचा नाही, नियम माहितेय ना?"

"आणि विचारून?"

"विचारून खुशाल हलव. मी काय कमी विचारलंय? हात टेकले माझे."

भिंगरीला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हशीला घेऊन बाहेर पडल्याबरोबर भिंगरीने फोन पुढ्यात ओढला. पहिला फोन हेडसरांना. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातल्या मांजरालासुद्धा त्यांच्यासमोर शेपूट सरळ ठेवावी लागायची.

"सर, तुम्हाला शुक्रवारऐवजी गुरुवार चालेल का?"

"गुरुवार?" सर म्हणाले. "गुरुवार हा काय वार आहे? तीस वर्षं मी शाळेची वेळापत्रकं केली आहेत, पोरी. शुक्रवार म्हणजे शुक्रवार!"

भिंगरीची नजर टेबलावरच्या कानशीवर गेली. मावशी दर बुधवारी संध्याकाळी त्या कानशीने म्हशीच्या पात्यांना धार लावायची. भिंगरीच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"बरं सर," ती एकदम गोड आवाजात म्हणाली. "तसाही गुरुवार आम्ही सगळ्यांना देत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे?"

"बुधवारी संध्याकाळी धार लावलेली असते ना. गुरुवारी पाती कशी, लोण्यातून फिरल्यासारखी फिरतात. शुक्रवारपर्यंत काय, चालायचंच."

आता बघा मुलांनो, ह्यात धार लावायची गोष्ट खरी होती. खोटा होता तो फक्त 'चालायचंच' म्हणताना टाकलेला सुस्कारा. पण कधीकधी सगळी लबाडी सुस्काऱ्यातच असते.

"मला गुरुवार लिही," सर घाईने म्हणाले. "आणि हे बघ, शेजारच्या डॉक्टरांना हे सांगायची गरज नाही."

"छे छे, सर!"

भिंगरी शब्दाची पक्की. पुढचा फोन तिने डॉक्टरांनाच केला, पण त्यात सरांचं नाव काढलं नाही. नुसती पाती, लोणी आणि सुस्कारा. तिसरा फोन गाण्याच्या बाईंना. तिघांनाही गुरुवार हवासा झाला. शुक्रवारचा झोळ तीन चिमट्यांनी हलका झाला आणि भिंगरी स्वतःच्याच पाठीवर हात पोचतो का ते बघायला लागली.

पण रविवारी सकाळी अख्खी वस्ती कुठे भेटते? बेकरीच्या रांगेत. तिथे हेडसरांनी कुणाला तरी सहज सांगितलं, "आमचं आता गुरुवारी असतं. सगळ्यांना देत नाहीत ते." मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांनी घसा खाकरला. "आमचंही गुरुवारीच." आणि मग पाव राहिला बाजूला.

साडेनऊपासून मावशीच्या गॅरेजमधला फोन घणघणायला लागला. मावशी आत गाढ झोपली होती. फोन भिंगरीने घेतला.

"गुरुवार आम्हाला का सांगितला नाही?"

"आमचा सोमवार काढा आधी! आम्ही काय बोथट पात्यांचे लोक आहोत?"

"माझ्या जावेला गुरुवार आणि मला बुधवार? बघतेच मी!"

विचारून चिमटा हलवायचा हा नियम होता. इथे तर लोक न विचारता सांगत होते. भिंगरी 'हो' म्हणत गेली आणि चिमटे लावत गेली. दुपारपर्यंत गुरुवारी सतरा चिमटे झाले. शुक्रवारी उरला एकटा पाव, कारण बेकरीवाला सकाळभर रांगेला पाव देत होता, त्याला फोन करायला सवड कुठली? पावाच्या शेजारी निळा चिमटा ऐटीत बसला होता. भिंगरीचा आनंद गॅरेजमध्ये मावेना.

गुरुवारात चिमटेही मावेनात. मग भिंगरीने काय करावं? दोन्हीकडच्या लाल चिंध्या सोडून लांब सरकवून बांधल्या. गुरुवार दुप्पट लांब झाला! पण आता मंगळवार, बुधवार चेंगरले. म्हणून ती दोरीच ताणायला गेली. भिंतीला पाय लावून, दात-ओठ खाऊन तिने ओढली, आणि भिंतीतला खिळा निघाला. चिमट्यांसकट सगळा आठवडा खाली. वर कानस पडली ती डब्यावर, असली दणदणली की मावशी उशी हातात घेऊनच बाहेर आली.

"काय पाडलंस?"

"आठवडा," भिंगरी म्हणाली.

मग सगळं सांगावं लागलं. पाती, लोणी, सुस्कारा, रांग, सतरा.

"आणि चिंध्या का सरकल्यात?"

"गुरुवार लांब केला."

मावशीचं तोंड रागावलेलं होतं, पण उशीआड खांदे हलत होते. मग ती खाली बसली. "बरं, शहाणे. गुरुवारी सतरा घरं. त्यातली धाप न लागता होतील किती?"

"सहा."

"उरलेली कधी करायची?"

भिंगरीने बोटं मोजली. हाताची संपली म्हणून एक पायाचं घेतलं. तिचा चेहरा पडला.

"शुक्रवारी. अकरा."

"फिरून भोपळे चौकात," मावशी म्हणाली. तिने फरशीवरचा दाताचा चिमटा उचलला आणि उलटसुलट करून बघितला. "ह्या डॉक्टरांना शुक्रवार का हवा होता गं?"

"का?"

"मला काय माहीत! वार कुठला हवा एवढंच विचारत आले दहा वर्षं. का हवा, ते कधी विचारलंच नाही."

भिंगरी ताडकन उठली.

"मी जाऊन विचारते," भिंगरी म्हणाली.

"जा. पण धार सहाही दिवस सारखीच असते, हे आधी सांगायचं. प्रत्येक दारात. गुंता तुझा, सोडवायचाही तूच. आणि सुस्कारे टाकायचे नाहीत."

भिंगरीने सगळे चिमटे बादलीत भरले, बादली सायकलला अडकवली आणि निघाली. पहिलं दार हेडसरांचं. सर कुंपणाशी उभे होते. कुंपण कसलं, त्यांच्या आणि डॉक्टरांच्या हिरवळीमध्ये पांढऱ्या दगडांची नुसती एक रांग होती.

"सर, मी चुकले. पाती रोज सारखीच कापतात. गुरुवारचं मी उगाच फुगवून सांगितलं."

"मला पहिल्यापासूनच संशय होता," सर म्हणाले. नव्हता.

"पण सर, शुक्रवारच का हवा होता?"

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टरांचा शुक्रवार ना. त्यांचं कापलेलं आणि माझं वाढलेलं, बरं दिसतं का ते?"

"माझं नाव कोण घेतंय?" दगडांपलीकडे झाडाला पाणी घालणारे डॉक्टर ताठ उभे राहिले.

"डॉक्टरकाका, तुम्हाला शुक्रवार का हवा होता?"

"सरांचा आहे म्हणून! माझी हिरवळ काय मागे राहील? एरवी मला मंगळवारही चालतो."

"मग आधी कुणी मागितला शुक्रवार?"

दोघांची बोटं एकदम उठली. "ह्यांनी!"

भिंगरीने दात आणि खडू बादलीतून शोधून काढले. "दोघांचाही मंगळवार करू?"

"चालेल," सर म्हणाले. "पण आधी कुणाचं कापणार?"

"हो, आधी कुणाचं?" डॉक्टर म्हणाले.

घ्या! भिंगरी दगडांच्या रांगेकडे बघत राहिली. मग तिने सायकल खाली टाकली आणि सरांच्या भिंतीपासून डॉक्टरांच्या भिंतीपर्यंत, दगडांवरून उडी मारून, सरळ धावत गेली आणि धावत परत आली.

"म्हैस अशी जाईल. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, अशी परत. कुणाचंच आधी नाही, कुणाचंच नंतर नाही."

"आणि दगड?"

"ते तुम्ही दोघांनी सोमवारी संध्याकाळी उचलायचे."

त्यावर दगड मुळात कुणाचे ह्याचा वाद सुरू झाला, पण तोवर भिंगरी पुढच्या गल्लीत पोचली होती.

गाण्याच्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि 'का' म्हटल्यावर आधी खिडकी लावली. "कुणाला सांगू नकोस हं, बाळ. शुक्रवारी तीन वाजता माझ्याकडे एक गृहस्थ शिकायला येतात. माणूस सोन्यासारखा, पण आवाज! शेजारच्यांनी तक्रार केली असती. तेवढ्या वेळात तुमची म्हैस ओरडत असली ना, की कुणाला काही ऐकू येत नाही. मलाही."

"ते फक्त शुक्रवारीच येतात?"

"बुधवारीही येतात." बाईंनी खिडकीची कडी पुन्हा तपासली. "उलट बुधवारी त्यांचा आवाज जास्त मोकळा असतो."

उघडं तोंड बुधवारी, तीनच्या ठोक्याला.

एका घरात आजोबा म्हणाले, "मला कुठलाही वार चालतो, पण आमच्या हिला शुक्रवारच लागतो." आतून आजी म्हणाल्या, "मला? मी तर तुमच्यासाठी सोसतेय सहा वर्षं!" एका बिऱ्हाडात तर आधीच्या भाडेकरूचा शुक्रवार होता म्हणून ह्यांचाही शुक्रवार. त्यांना वाटलं, तो घराबरोबरच येतो, नळासारखा. सोमवार-मंगळवारवाल्यांना आपापले वार परत मिळाले, आणि आपण बोथट पात्यांचे नाही हे कळल्यावर तेही निवळले.

बेकरीवाला मात्र दारात डोळे चोळत उभा राहिला. तो पहाटे भट्टी पेटवायचा आणि दिवसा झोपायचा. शुक्रवारी बेकरी बंद, म्हणून त्या एकाच दुपारी तो जागा असायचा.

"दुसऱ्या दिवशी म्हैस हंबरली, की उशीत तोंड खुपसून रडावं लागेल मला," तो म्हणाला. "पण तुझी अडचण असेल तर बघ."

भिंगरीने पावाचा चिमटा बादलीत परत टाकला. "नाही काका. तुमचं कारण खरं आहे. तुमचा शुक्रवार पक्का."

संध्याकाळी मावशीने खिळा पुन्हा ठोकला, ह्या वेळी चांगला लांब. चिंध्या जागेवर आल्या. शुक्रवारी ज्यांचं कारण खरं होतं ते चार चिमटे राहिले, आणि त्यांच्या शेवटी निळा. दोरी सरळ झाली.

आणि शुक्रवार आला. साडेचार वाजले. भिंगरी शिडी चढली, फळीच्या टोकापर्यंत गेली आणि तिने खाली बघितलं. मावशी नव्हती. मागे शिडीवर सात जण होते. खालून तिसऱ्याने आताच डोळे पुसायला घेतले होते.

इतक्यात तलावाचं दार ढकलून कुणीतरी धावत आलं. ॲप्रन तसाच, भुवयांत गवत, हात उंच, आणि हातात निळा चिमटा.

"आले गं!" मावशी ओरडली. "म्हैस पावाच्या दारात अडून बसली होती! आता मार!"

झालं. मावशी खाली उभी होती. आता काही राहिलं नव्हतं. तरी भिंगरीचे पाय फळीला चिकटलेले. ती एक पाऊल मागे आली.

मावशीने "घाबरू नकोस" म्हटलं नाही. "उद्या मारतेस का" असंही विचारलं नाही. तिने मान वर केली आणि एकच शब्द विचारला.

"का?"

भिंगरीने तोंड उघडलं. तू नव्हतीस म्हणून, असं सांगायची तिला तीन शुक्रवारांची सवय झाली होती. पण मावशी तर समोर होती. मग तिने स्वतःलाच नीट विचारून बघितलं.

"नाकात पाणी जातं!" ती वरून ओरडली. सगळ्या तलावाला ऐकू गेलं.

मावशीने हातातल्या चिमट्याकडे बघितलं. मग तिने तो शिडीच्या सगळ्यात खालच्या मुलाच्या हातात दिला. त्याने वरच्याला, वरच्याने त्याच्या वरच्याला. सात हातांतून निळा चिमटा वर आला आणि फळीवर पोचला.

भिंगरीने तो उघडला, नाकाला लावला आणि उडी मारली.